श्रीमती रमाबाई रानडे : आठवणींनंतरची तेवीस वर्षे

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला रमाबाई रानडे भेटतात त्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावरील प्रकरणात ओझरत्या दिसतात. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला स्त्रियांच्या मताधिकाराची हकीकत वाचताना त्यांचे नाव कुठेतरी आढळते. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींना मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चरित्र तोंडपाठ असते आणि रमाबाईंचे नाव बहुधा माहीत नसते. वास्तविक त्यांच्याशीच रमाबाईंचे नाते सर्वांत निकटचे आहे.

या विस्मरणाला थोड्याफार प्रमाणात खुद्द रमाबाईच कारण झाल्या. त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, पण त्यातील कथन १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. पुढे त्या तेवीस वर्षे जगल्या आणि त्या काळात त्यांनी जे उभे केले, त्याविषयी दुसरे पुस्तक लिहावे असे त्यांना वाटले नाही. आठवणींत त्या पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. १९३८ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा त्यालाही ‘हिमसेल्फ’ हेच नाव मिळाले. आपल्या आत्मचरित्राचे शीर्षकपदही पतीला देणाऱ्या या बाईंचे उत्तरायुष्य म्हणूनच मुद्दाम सांगावे लागते.

२५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. (पुढे यशवंतराव चव्हाणांचाही जन्म याच गावचा.) माहेरचे नाव यमुना. डिसेंबर १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या या मुलीचा विवाह एकतीस वर्षांच्या बिजवराशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकविली. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि तो अनाठायी होता असे आजही म्हणवत नाही. त्यांनी आपल्यापुरते प्रायश्चित्त असे घेतले की, नववधूच्या हाती लगेच पाटी-पेन्सिल दिली.

पुढची वर्षे सोपी नव्हती. दिवाणखान्यात पतीची इच्छा आणि माजघरात सासू, नणंद व इतर वडीलधाऱ्या बायकांची नापसंती, अशा दोन सत्तांखाली या मुलीला वागायचे होते. इंग्रजी शिकवायला मडम येई. तिचा धडा संपला की स्नान केल्याशिवाय घरात शिवायची सोय नसे. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना जाऊ लागल्यावर घरातील बोलणी आणखी वाढली. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदविणे किती कठीण असते, हे मोठ्या कुटुंबात वावरलेल्या आपल्या भगिनींना सांगायला नको.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना त्यांचा १८८६ सालचा कलकत्त्याचा मुक्काम विशेष जवळचा वाटेल. सरकारच्या फायनान्स कमिटीवर माधवरावांची नेमणूक झाली होती. दारी बंगाली वर्तमानपत्र येऊ लागले आणि ते वाचता येत नाही हे दोघांनाही खटकले. माधवरावांनी बंगाली पुस्तके आणविली, स्वतः आधी अभ्यास केला आणि मग पत्नीला धडे दिले. अडलेले शब्द ते दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाही विचारीत. न्हाव्याला गुरू करणे रमाबाईंना रुचले नाही, तेव्हा त्यांनी दत्तात्रेयाच्या गुरूंचा दाखला दिला. मुक्काम हलण्यापूर्वी रमाबाईंना बंगाली वाचता येऊ लागले होते. परप्रांतात दहा-दहा वर्षे काढून तिथली लिपी न ओळखणारे काही स्नेही या मजकुरावर रागावणार नाहीत अशी आशा आहे!

१९०१ साली वैधव्य आले तेव्हा त्या एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या मुंबईहून पुण्याला आल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटणे सुरू झाले. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रमाबाईंच्या राहत्या घरी पुणे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते.

सेवासदनात प्रौढ स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, अध्यापनाचे शिक्षण इत्यादी गोष्टी होत्या, आणि त्यांना समाजाचा फारसा विरोध झाला नाही. खरा कस लागला तो शुश्रूषेच्या वर्गापाशी. परक्या माणसाचे अंग पुसावयाचे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढावयाचे, पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली रात्रपाळी करावयाची! ब्राह्मण घरातील विधवेने हे करावे, ही कल्पनाच पुण्याला सहन होईना. रमाबाईंचा विचार मात्र स्वच्छ होता. ही विधवा सासरी किंवा माहेरी जन्मभर आजाऱ्यांचीच उस्तवार करीत असते. ते काम ती बिनमोल आणि बिनशिक्षणाचे करते, एवढाच काय तो फरक. तिला शास्त्र शिकविले आणि वेतन दिले तर तिची लाचारी सुटेल आणि रोग्याचेही कल्याण होईल. त्यांनी घरोघर जाऊन पालकांची समजूत घातली. मुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय घरच्या आचाराला धरून करून दिली, आणि ससून रुग्णालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले.

एका वार्षिक समारंभात शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली एक केशवपन केलेली विधवा तांबड्या लुगड्यात, डोक्यावरून पदर घेऊन बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. सभेतील महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडविली. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाई आभार मानायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलांची अशी कानउघाडणी केली की सभा स्तब्ध झाली. आपल्याच दुर्दैवी बहिणीला हसणाऱ्याला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. माजघरात वीस वर्षे गिळलेले शब्द त्या दिवशी दुसऱ्या एका बाईसाठी बाहेर पडले, असे मला वाटते.

आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जाणे, पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण केवळ मुलांना न देता मुलींनाही मिळावे म्हणून सभा आणि मोर्चा, ही कामे चालूच होती. पैशाअभावी आधी मुलगे, मग मुली, हा युक्तिवाद करणाऱ्यांत मोठी माणसे होती; रमाबाई त्यांच्या मोठेपणाने दबल्या नाहीत. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला, तेव्हा मुंबई इलाख्यातील चळवळीच्या अग्रभागी त्याच होत्या. १९२१ साली मद्रासच्या पाठोपाठ मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांवरील बंदी उठविली. मालमत्तेची अट कायम राहिल्याने प्रत्यक्षात मत फार थोड्या स्त्रियांना मिळाले, हे खरे.

१९२४ साली पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. सेवासदनाचे काम त्यांच्या मागे चालू राहिले, आणि त्या संस्थेत शिकलेल्या परिचारिका व शिक्षिका गावोगावी कामावर रुजू होत राहिल्या.