ध्वनिमुद्रिकाकार जी. एन. जोशी

फाल्गुन महिन्यात माजरीपासून भद्रावतीच्या बाजूस गेले म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा पळस फुललेला दिसतो. या पळसाच्या, तसेच कुसुम आणि बोर या वृक्षांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक अगदी लहान किडा वस्ती करतो व आपल्या अंगातून पाझरणाऱ्या रसाचे कवच स्वतःभोवती तयार करतो. त्यालाच आपण लाख म्हणतो. बांगड्या, खेळणी, लाकडावरील रोगण इत्यादींसाठी लाखेचा उपयोग होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पन्नासाहून अधिक वर्षे जगातील बहुतेक सर्व गाणे याच लाखेवर कोरले जात होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रामोफोनच्या काळ्या, ठिसूळ तबकड्या लाखेच्याच मिश्रणातून घडत. अशा तबकड्यांवर थोर गवयांचे स्वर साठविण्याच्या कामी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या जी. एन. जोशी यांचा जन्म इ. स. १९०९ मध्ये झाला.

जोशी यांचे शिक्षण नागपुरास झाले. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्या काळी वकील होणे म्हणजे मान, पैसा आणि स्थैर्य या तिन्ही गोष्टी पदरात पाडून घेणे असे समजले जाई. गाणे हा कुलीन घरातील मुलाने पोटासाठी करावयाचा उद्योग नव्हे, असेच लोकमत होते. जोशी यांचा गळा मात्र गोड होता, आणि कवितेवर त्यांचे विलक्षण प्रेम होते.

याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे ना. घ. देशपांडे नावाचे एक तरुण कवी कविता लिहीत होते. त्यांचाही जन्म १९०९ सालचाच. त्यांची ‘शीळ’ ही कविता जोशी यांनी चाल लावून गाइली, आणि १९३२ साली हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. त्यापूर्वी मराठी तबकड्यांवर मुख्यतः नाटकांतील पदे, भजने, लावण्या आणि ख्याल ऐकू येत. रंगभूमीचा आधार नसलेली, केवळ वाचण्यासाठी लिहिलेली कविता साध्या चालीत, शब्दांचा अर्थ जपून गावी, ही गोष्ट नवी होती. लोकांना ती अतिशय आवडली. ‘शीळ’ हा देशपांडे यांचा कवितासंग्रह छापून निघाला तो १९५४ साली. म्हणजे पुस्तक हाती येण्यापूर्वी बावीस वर्षे ती कविता हजारो घरांत ऐकली गेली होती. मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांत जोशी यांची गणना होते, ती या तबकडीमुळेच. पुढे त्यांनी गंगूबाई हनगळ यांच्याबरोबरही द्वंद्वगीते गाइली. गंगूबाई तेव्हा अगदी तरुण होत्या, आणि कंपनीने त्यांचे नाव ‘गांधारी’ असे छापले होते.

ही कंपनी कोणती, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. एमिल बर्लिनर या जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या संशोधकाने १८८७ साली सपाट तबकडीवर आवाज कोरण्याची युक्ती शोधून काढली. त्याच्या शोधातून अमेरिकेत व्हिक्टर ही कंपनी आणि लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी अशा जणू दोन बहिणी उदयास आल्या. कर्ण्यापाशी कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र दोघींचेही बोधचिन्ह होते. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराचे हे चित्र, व त्यातील कुत्र्याचे नाव निपर. बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गैसबर्ग हा अमेरिकन तरुण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास आला, आणि त्याने गौहरजान आदी कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन समुद्रमार्गे परत येत. हिंदुस्थानची लाख युरोपात जाई आणि हिंदुस्थानचेच गाणे अंगावर घेऊन माघारी येई! पुढे १९०८ पासून कलकत्त्यासच तबकड्या निघू लागल्या.

१९३८ साली जोशी यांनी हिज मास्टर्स व्हॉइसच्या मुंबई शाखेत नोकरी धरली आणि वकिलीचा मार्ग कायमचा सुटला. आता दुसऱ्यांचे गाणे मुद्रित करावयाचे, हे त्यांचे मुख्य काम झाले.

हे काम वरवर सोपे वाटते, पण ते तसे नव्हते. त्या वेळची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई व तिच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे गाणे मावे. मैफलीत एकेक राग तास तास आळविणाऱ्या गवयाला तेवढ्या वेळात आलाप, बंदिश आणि ताना हे सारे दाखवून समेवर येऊन थांबावे लागे. मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. सुई त्या मेणात सूक्ष्म खाच कोरीत जाई, मग मेणावरून धातूचा ठसा तयार होई आणि त्या ठशाने लाखेच्या तबकड्या छापल्या जात. मध्येच एखाद्याला खोकला आला, तबल्याचा सूर उतरला किंवा गवई वेळेचे भान विसरला, तर ती चकती वाया जाई व सारे पहिल्यापासून करावे लागे. समोर श्रोते नाहीत, वाहवा नाही, भिंतींना जाड पडदे, आणि तोंडासमोर एक मुका ध्वनिग्राहक. अशा ठिकाणी रंग भरावा तरी कसा? पुष्कळ बुजुर्ग कलावंतांना तर यंत्राची धास्तीच वाटे. आपली विद्या चार आण्यांच्या चहाच्या दुकानात वाजेल, कोणीही ती उचलील, आणि मग मैफलीस कोण येईल, अशी त्यांची शंका असे. ही शंका अगदीच खोटी होती असे म्हणता येणार नाही.

पण न गाण्याचा परिणाम काय होतो, तेही पाहण्यासारखे आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. बालगंधर्वांसारखे शिष्य त्यांनी घडविले, परंतु त्यांचा स्वतःचा आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तेही मुंबईतच. तरीही त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. त्यांची गायकी आपण ओळखतो ती त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला वेळ किती थोडा असतो, हे यावरून समजते. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर हे तर १९५५ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांचे गाणे मुद्रित झालेले होते, म्हणूनच ते राहिले.

जोशी स्वतः गायक असल्याने कलावंताचे मन त्यांना कळे. गवयाचा मान राखणे, त्याची तबियत सांभाळणे, कोणता राग तीन मिनिटांत शोभेल याचा विचार करणे, आणि दुसरीकडे कंपनीच्या हिशेबनिसाचेही समाधान करणे, अशी ही दुहेरी कसरत त्यांनी सुमारे तीन दशके केली. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, भीमसेन जोशी अशा अनेकांचे स्वर त्यांच्या काळात तबकडीवर उतरले.

१९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहेतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी लांब तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावे. ती लाखेची नसून प्लॅस्टिकची होती. लाखेचे राज्य तेथून संपू लागले. ख्यालगायनाला मात्र ही तबकडी वरदानच ठरली. १९६० साली अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी यांची लांब तबकडी निघाली: एका बाजूस एकच राग, संथपणे उलगडत जाणारा. १९७४ साली मोटार अपघातात अमीर खाँ यांचे निधन झाले, आणि त्यांचा मारवा शिकू पाहणाऱ्यांना या तबकडीचाच आधार उरला.

१९६७ साली जोशी यांनी एक वेगळाच प्रयोग केला. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार ही तीन वाद्ये एकत्र आणून काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून रंगविला. संतूर तोपर्यंत रागसंगीतात नवखे होते, आणि गिटार तर परदेशी. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या नावाची ती तबकडी देशात आणि परदेशातही अतोनात गाजली.

याच कंपनीसाठी १९५३ साली मुंबईत केसरबाई केरकर यांनी गाइलेली भैरवी १९७७ च्या सप्टेंबरात व्हॉयेजर यानावरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून आकाशात गेली. साडेतीन मिनिटांचे ते गाणे. केसरबाई त्याच महिन्यात वारल्या.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर जोशी यांनी कलावंतांच्या आठवणी लिहून काढल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाऊन मेलडी लेन’ अशी त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. तबकडीवर जे मावले नाही, म्हणजे गवयांचे रुसवे, त्यांचा दिलदारपणा, मुद्रणाच्या खोलीतील धांदल, ते त्यांत आले आहे. १९९४ साली जोशी यांचे निधन झाले. तोवर तबकड्यांची जागा फितींनी आणि फितींची जागा चकाकणाऱ्या लहान चकत्यांनी घेतली होती.