३२ जणांत विरोधात एकच मत! पुणे नगरपालिकेतले जोतिराव फुले

दिघी (ता. श्रीवर्धन), वार्ताहर : महात्मा जोतिराव फुले म्हटलं की मुलींची शाळा आणि सावित्रीबाई आठवतात. पण जोतिराव सहा-सात वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही. ग्रामपंचायतीत बसलेल्यांनी आणि बसू पाहणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घर माळ्याचं, धंदा फुलांचा. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी लोकांची बोलणी खाल्ली, वडिलांचं घर सोडावं लागलं, पण नवरा-बायको मागे हटले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा रचला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला.

हे सगळं करताना स्वतःचं पोट मात्र कामधंद्यावर चालवलं. सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली, धरणाच्या कामाला माल पुरवला, मांजरीला शेती केली. त्यामुळे कुणाच्या उपकाराखाली राहायची वेळ आली नाही.

१८७६ मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमलं. ही जागा मतदानाने मिळालेली नव्हती, नेमणुकीची होती. सरकारने नेमलेला माणूस सरकारला हो म्हणणार, असं कुणालाही वाटेल. जोतिराव तसे निघाले नाहीत.

तेव्हा दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नाची नि राहण्याची सोय केली. सभागृहात बसणारा हा माणूस उपाशी पोरांची ताटं बघून आलेला होता, हे ध्यानात ठेवा.

पुण्यात दारूची दुकानं वाढायला लागली. १८८० मध्ये जोतिरावांनी नगरपालिकेला लेखी पत्र देऊन हा विषय मांडला. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एकीकडे पैसा खर्च करते आणि दुसरीकडे दारू माणसांची तब्येत नि संसार दोन्ही बुडवते, हा त्यांचा मुद्दा होता.

व्हाईसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचा होता. त्याच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्च करायचा विषय नगरपालिकेत आला. याच लिटनच्या कारकिर्दीत दुष्काळाने लाखो माणसं मेली होती. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं जोतिरावांचं म्हणणं होतं. सरकारने नेमलेल्या ३२ सदस्यांपैकी एकट्या जोतिरावांनी विरोधात मत दिलं. ठराव काही अडला नाही. पण त्या सभेत एक माणूस नाही म्हणाला होता, हे आज १४० वर्षांनंतरही आपण सांगतो. हो म्हणणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

पुढे पुण्यात मोठी मंडई बांधायचं निघालं, तेव्हाही एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असंच ते सांगत राहिले. गंमत बघा, त्याच मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे.

आपल्या कोळी बांधवांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी जोतिरावांना महात्मा ही पदवी दिली. तो सत्कार झाला मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात. २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे निवडणूक आली की कोण निवडून येणार यावर रात्र रात्र चर्चा होते. निवडून आल्यावर तो माणूस सभेत काय बोलला, कोणत्या खर्चाला हात वर केला, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा मंडळी, एवढं विचारून बघा. नोंदवही बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे.