मक्याच्या शेतातून नोबेलपर्यंत : बार्बरा मॅक्लिंटॉक

रंगीत मक्याचे कणीस सोलले की एखाददुसरा ठिपक्याठिपक्यांचा दाणा निघतो. आपण तो पाहतो आणि सोडून देतो. अमेरिकेतल्या बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मात्र हे ठिपके का पडतात, याच्या मागे आयुष्य घातले.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी हार्टफर्ड या गावी झाला. वडील डॉक्टर. मुलगी फार शिकली तर लग्न जमायचे नाही, अशी आईला काळजी. वडिलांनी मात्र साथ दिली आणि १९१९ साली बार्बरा कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२७ मध्ये वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. लग्न त्यांनी केलेच नाही.

संशोधनासाठी त्यांनी मका धरला. मक्याच्या प्रत्येक केसामागे एक दाणा भरतो. म्हणजे एका कणसात शेकडो भावंडे शेजारी-शेजारी बसलेली असतात. कुणात कोणता गुण उतरला, हे रंगावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. बाई स्वतः पेरणी करीत, पिकाची निगा राखीत. केस बाहेर पडण्याआधी कणसावर पिशवी चढवायची, ठरलेल्या ताटाच्या तुऱ्यातले पराग आणून टाकायचे आणि त्याची नोंद ठेवायची. मग पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. मक्याच्या दहा गुणसूत्रांची ओळख त्यांनीच पटवली. गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर बदलतात, हे १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासोबत त्यांनी सिद्ध केले.

एवढे करूनही कायमच्या नोकरीचे जमेना. मिसुरी विद्यापीठात काही वर्षे काढून १९४१ साली त्या न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या प्रयोगशाळेत आल्या. तिथे जमिनीचा तुकडा होता. बाईंना तेवढे पुरे होते.

तिथेच ठिपक्यांचे कोडे सुटले. दाण्याला रंग देणारे एक जनुक असते. गुणसूत्रावरचा दुसरा एक तुकडा जागा सोडून उठतो आणि या जनुकात जाऊन बसतो. रंग बंद, दाणा फिका. दाणा भरत असताना एखाद्या पेशीत तो तुकडा पुन्हा उठून गेला, की तिथून पुढच्या पेशींना रंग चढतो. लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. त्याला हलवणारा आणखी एक तुकडा असतो. तो नसेल तर पहिला जागचा हलत नाही.

त्या काळी जनुके म्हणजे माळेतले मणी, जागचे हलायचे नाहीत, असा समज पक्का होता. १९५१ मध्ये बाईंनी शास्त्रज्ञांच्या सभेत हे मांडले, तेव्हा कुणी फारशी दाद दिली नाही. त्या काही नवख्या नव्हत्या. १९४५ साली अमेरिकेच्या जनुकशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदी त्यांचीच निवड झाली होती. तरीही ऐकणारा मिळेना. १९५३ नंतर या विषयावरचे लेख छापायला देणे त्यांनी जवळजवळ बंद केले. काम मात्र थांबवले नाही. पुढे मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या देशी मक्याच्या वाणांचाही त्यांनी अभ्यास केला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंमध्येही असे उड्या मारणारे तुकडे सापडू लागले. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, त्यातही अशा तुकड्यांचा हात असतो. माणसाला किंवा जनावराला दिलेले औषध लागू पडेनासे होते, त्यामागचे हे एक कारण. आता मात्र बाईंचे म्हणणे सर्वांना पटले. १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकटीला, वयाच्या ८१ व्या वर्षी. घरी फोन नव्हता. बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २००९ मध्ये मक्याची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली गेली. तेव्हा तिचा सुमारे ८५ टक्के भाग अशाच तुकड्यांनी व्यापलेला निघाला.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमधले वेगळे दिसणारे ताट उपटावेच लागते, त्याला इलाज नाही. पण उपटण्याआधी शेतकऱ्याने ते घटकाभर निरखावे, वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मॅक्लिंटॉकबाईंची सुरुवातही अशाच निरखण्यातून आणि नोंदींतून झाली होती.