डॉ. डेव्हिड मरीन

अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात एके काळी गलगंडाचा रोग घरोघर आढळत असे. मानेच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. शरीराची वाढ व बुद्धीचा विकास यांसाठी आवश्यक असा रस ती निर्माण करते. या रसाचा मुख्य घटक आयोडीन होय. ते पुरेसे मिळाले नाही, तर ग्रंथी फुगते व गळ्यावर गाठ येते. त्या प्रदेशातील मातीत व पाण्यात आयोडीन फारच थोडे होते. या रोगाला आळा घालण्याचा सोपा उपाय ज्यांनी सिद्ध करून दाखविला, ते डॉ. डेव्हिड मरीन.

मरीन यांचा जन्म १८८० साली मेरिलँड राज्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १९०५ साली ते क्लीव्हलंड शहरी आले. तेथील रस्त्यांवरच्या कुत्र्यांचेही गळे सुजलेले पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले. पुढे एका मत्स्यपालन केंद्रातील माशांना झालेला रोग कर्करोग नसून गलगंडच आहे, हे त्यांनी ओळखले. आयोडीनने तो हटतो, हेही दाखविले.

परंतु मुलांना आयोडीन द्यावे, ही कल्पना लोकांना भयंकर वाटे. अधिक मात्रेत ते अपायकारक असते, हे खरेच होते. म्हणून केवळ युक्तिवाद न करता मरीन यांनी पुरावा गोळा करण्याचे ठरविले. १९१७ साली ॲक्रन गावच्या शाळांत त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. किंबल यांनी प्रयोग आरंभिला. पाचवी ते बारावीच्या ज्या मुली तयार होत्या, त्यांना वर्षातून दोनदा, दहा-दहा दिवस आयोडीनयुक्त क्षार पाण्यातून दिला. औषध न घेणाऱ्या मुलींचेही गळे नियमाने तपासले. औषध घेणाऱ्या २१९० मुलींपैकी केवळ ५ जणींच्या ग्रंथी वाढल्या. न घेणाऱ्या २३०५ मुलींपैकी ४९५ जणींच्या वाढल्या!

या आकड्यांपुढे शंका टिकली नाही. १९२४ साली मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ विक्रीस आले. शाळेतल्या औषधाची जागा रोजच्या जेवणातील मिठाने घेतली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला केवळ १२० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. परंतु ते नित्य मिळावे लागते.

१९७६ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी मरीन यांचे निधन झाले. कोट्यवधी मुलांची वाढ निकोप राखणारा त्यांचा उपाय एका चिमटीत मावतो.