दास्य भोगलेले प्रेषित संत पॅट्रिक

मार्च महिन्याची १७ वी तारीख आली की आयरिश लोक जगाच्या ज्या कोपऱ्यात असतील तेथे संत पॅट्रिक यांचा सण पाळतात. देशोधडीस लागलेल्यांनी हा सण इतक्या प्रेमाने जतन करावा याचे आम्हांस नवल वाटत नाही. कारण आयर्लंडचे हे आश्रयदाते संत मूळचे आयरिश नव्हतेच. त्या देशी ते प्रथम गेले ते गुलाम म्हणून.

पाचव्या शतकातील ही हकीकत होय. ब्रिटन बेटातील एका सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील काल्पोर्नियुस हे डीकन होते, आजोबा धर्मगुरू होते. पण मुलास देवाधर्माची फारशी ओढ नव्हती. सोळाव्या वर्षी चाचे लोकांनी त्यांस धरून आयर्लंडात नेले. तेथे सहा वर्षे त्यांनी धन्याची मेंढरे राखली. पावसात, हिवात, पहाटेच्या अंधारात ते प्रार्थना करू लागले आणि घरी जो देव दुरावला होता तो त्यांस रानात भेटला. पुढे स्वप्नात इशारा मिळताच त्यांनी पळ काढला, सुमारे २०० मैल चालून एक जहाज गाठले, आणि यथाकाळी ते आईबापांजवळ पोहोचले.

येथे कथा संपावयास हरकत नव्हती. परंतु पुन्हा एका स्वप्नात व्हिक्टोरिकुस नावाचा पुरुष पत्रांचा भारा घेऊन आला, आणि आयर्लंडचे लोक आपणांस परत बोलावीत आहेत असे त्यांस ऐकू आले. ज्यांनी दावणीला बांधले त्यांच्याचकडे ते बिशप होऊन गेले. हजारोंना त्यांनी बाप्तिस्मा दिला. भाविक स्त्रिया वेदीवर दागिने ठेवीत. ते त्या रुसल्या तरी परत करीत. आपले शिक्षण अपुरे राहिले ही खंत त्यांस म्हातारपणीही होती.

सापांना हाकलल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या बेटावर साप मुळात नव्हतेच, म्हणून तीत आम्ही रमत नाही. त्यांचे खरे तेज एका पत्रात दिसते. कोरोटिकुस नामक सरदाराच्या शिपायांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांवर घाला घातला, काहींस ठार केले, काहींस विकले. हे शिपाई स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत. संतांनी एका धर्मगुरूमार्फत बंदिवानांची मागणी केली असता त्यांनी ती हसण्यावारी नेली. तेव्हा संतांनी जाहीर पत्र लिहून त्यांस बहिष्कृत ठरविले व त्यांच्या पंक्तीस कोणी जेवू नये असे बजावले.

हा सण परदेशी रुजला तो आयरिश लोकांच्याच पायांनी. बोस्टन शहरी १७३७ साली व न्यू यॉर्क येथे १७६२ साली तो साजरा झाल्याची नोंद आहे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली व तितकीच किंबहुना अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांस तुच्छतेची वागणूक मिळे. तरी त्या गरिबांच्या पैशांनीही न्यू यॉर्कचे संत पॅट्रिक महामंदिर उभे राहिले व १८७९ साली उपासनेस खुले झाले. आपल्या पुण्यातील संत पॅट्रिकचे देऊळ १८५० साली बांधले गेले तेही तेथील छावणीतील आयरिश शिपायांसाठीच.

पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वेस्ट इंडीजमधील माँटसेराट बेटावर बरेच मळेवाले आयरिश होते आणि ते आफ्रिकी गुलाम राबवीत. आपल्या संतांनी दास्य भोगले होते याचा त्यांस विसर पडला असावा. धनी मेजवानीत गुंतलेले असतील तेव्हा उठाव करावा, असा बेत गुलामांनी १७६८ च्या १७ मार्चसाठी रचला. तो फुटला, पुढाऱ्यांस देहान्त शासन झाले. १९८५ पासून त्या बेटावर १७ मार्चला सार्वजनिक सुटी असते, आणि त्या दिवशी संतांबरोबर त्या गुलामांचेही स्मरण केले जाते.