दिव्यापेक्षा तिचं धुणं मोठं

मैत्रिणींनो, गेल्या आषाढात आमच्या घरात एका फडक्यावरून भांडण झालं. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. येताना तिनं ओल्या वाइप्सची सहा पाकिटं बरोबर आणली होती. बाळानं शी केली की पाकिटातून एक ओढायचा, पुसायचं आणि फेकून द्यायचं. मला काही ते बघवेना. माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या मी जपून ठेवलेल्या. त्या फाडल्या, वीतभर चौकोनी तुकडे केले, कडा दुमडून हातानं टिपल्या. चांगले तीन डझन झाले. कोमट पाण्यात तुकडा बुडवायचा, पिळायचा, पुसायचं, धुऊन पुन्हा वापरायचा. आपण सगळे असेच वाढलो, काही बिघडलं का आपलं, असं ठसक्यात सांगून मी ती पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.

आठव्या दिवशी नातीच्या जांघा लाल झाल्या. दहाव्या दिवशी बारीक पुरळ उठलं. लेक एक शब्द बोलली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि फळीवरचं पाकीट खाली काढलं. बोलली असती तर बरं झालं असतं!

बारशाला माझ्या वन्सं आल्या. जन्मभर सरकारी इस्पितळात सिस्टर होत्या. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या आणि बाळाकडे बघायच्या आधी त्यांनी वर बघितलं. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून खोलीतच मी दोरी बांधली होती आणि तिच्यावर माझे तुकडे लोंबत होते, दमट आणि कुबट. खाली बादली, बादलीत जंतुनाशक औषध घातलेलं पाणी. त्यातून काढायचे, पिळायचे आणि दोरीवर टाकायचे, हे माझं निर्मळपण. वन्संनी एक तुकडा नाकाशी नेला आणि मला विचारलं, वहिनी, ती दिवेवाली बाई काय करायची ते ठाऊक आहे का तुम्हाला?

मी म्हटलं, रात्रीची दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरायची. शाळेच्या पुस्तकात आपल्याला तेवढंच होतं ना. त्यावर त्या म्हणाल्या, दिवा राहू द्या बाजूला, तिचं धुणं बघा. त्या रात्री त्यांनी जे सांगितलं आणि नंतर त्यांच्याकडची पुस्तकं मागून घेऊन मी जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील इटलीत फिरत असताना फ्लॉरेन्स शहरात झाली, म्हणून नाव फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला झालेली, तर तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव, पार्थेनोपी! घर गडगंज श्रीमंत. इंग्लंडमध्ये दोन मोठाले वाडे, नोकरचाकर. वडिलांनी मुलींना घरीच भाषा आणि इतिहास शिकवला. हिला वेड मात्र आकड्यांचं. फडकं धुणं सोडाच, पाण्याचा पेलाही स्वतः उचलायची गरज नव्हती. सतरावं वर्ष लागायच्या सुमाराला हिच्या मनानं घेतलं की आपला जन्म सेवेसाठी आहे. घरच्यांना ते कळलं तेव्हा घरात रडारड झाली. त्या काळी इंग्लंडात रुग्णसेवा हे चांगल्या घरातल्या मुलीचं काम मानत नसत. वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या एका चांगल्या स्थळाला तिनं १८४९ मध्ये नकार दिला. एकतिसाव्या वर्षी, १८५१ मध्ये, जर्मनीतल्या कैसरवेर्थ इथे जाऊन तीन महिने शिकली. एकतिसाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात बायका माझं काय आता राहिलंय म्हणतात.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रायमियाच्या युद्धात उतरलं. इंग्रजांचे जखमी शिपाई जहाजातून स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदारला, आणले जात. ५ नोव्हेंबरच्या सुमारास फ्लॉरेन्स अडतीस बायकांची तुकडी घेऊन तिथे पोचली. इस्पितळ म्हणजे एक प्रचंड जुनी बराक. खाली तुंबलेली गटारं, अंगावर उवा, चादरी शिडाच्या कापडासारख्या इतक्या खरखरीत की जखमी माणूस त्यापेक्षा आपली घोंगडीच बरी म्हणायचा. आणि धुणं? अंथरूण-पांघरूण म्हणे धुतलं जायचं, पण थंड पाण्यात. त्या काळच्या इस्पितळांत एकाच स्पंजनं एकामागून एक रुग्णांच्या जखमा पुसायची रीत होती, तेही त्याच भांड्यातल्या पाण्यानं. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण खरं सांगू, मला माझी बादली आठवली. सगळे तुकडे एकाच पाण्यात.

तिनं काय केलं, तर इस्पितळाजवळ एक घर भाड्यानं घेतलं, तिथे पाणी उकळायचे मोठाले हंडे बसवले आणि धुण्याची व्यवस्था लावली. धुवायला कोण? तर शिपायांच्याच बायका. फौजेबरोबर आलेल्या या बायकांचे फार हाल होते. त्याच बराकीच्या तळघरात अंधारात राहायच्या, कुणाचा नवरा मेलेला, कुणी गरोदर. तिथेच ओल्या जमिनीवर बाळंत व्हायच्या. त्यांना हाताला काम, मजुरी आणि गरम पाणी मिळालं. लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्राच्या वाचकांनी पाठवलेला निधी अशा कामांना उपयोगी पडला. चित्रकारांनी दिवा रंगवला, आणि हंड्याजवळ घामाघूम झालेल्या त्या बायका राहूनच गेल्या.

पण नुसत्या धुण्यानं सगळं साधलं असं मात्र नाही. त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांतले शंभरी चाळीसहून जास्त दगावत होते. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्य आयोगाची माणसं आली, त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना दिला, आणि जूनपर्यंत आकडा शंभरी दोनवर आला. फ्लॉरेन्सला तेव्हा वाटत होतं की माणसं उपासानं आणि थकव्यानं मेली. परत आल्यावर, १८५७ मध्ये, आकडे मांडून बघितले तेव्हा कळलं की तिच्याच इस्पितळातल्या घाणीनं त्यांना मारलं होतं. सारा देश तिला देवी म्हणत असताना तिनं ते लपवलं नाही. तिनं आकडे मांडले आणि अडाण्यालाही समजावे म्हणून रंगीत चित्रं काढून छापले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळानं तिला सभासद करून घेतलं, ती तिथली पहिली बाई.

क्रायमियातल्या तापानं तिचं अंग कायमचं मोडलं होतं. पुढची कित्येक वर्षं तिनं खोलीतून, बरीचशी अंथरुणातूनच, काम केलं. तिथेच तिनं घरगुती शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक लिहिलं, ते १८५९ च्या अखेरीला आलं. १८६१ मध्ये गरीब घरांसाठी त्याची स्वस्त आवृत्ती काढली आणि तिच्यात बाळ सांभाळण्यावर एक नवं प्रकरण घातलं. कुणासाठी, तर पाठच्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींसाठी. आपल्याकडच्या ताया, अगदी त्याच! स्वतःचं मूल नसलेली ही बाई त्या मुलींना बाळाचं अंग, कपडे, अंथरूण स्वच्छ कसं ठेवायचं, मोकळी हवा आणि ऊब कशी द्यायची, ते मैत्रिणीसारखं सांगते.

याच पुस्तकात तिचा एक साधा प्रयोग आहे. हात आधी नुसत्या थंड पाण्यानं धुवा, मग थंड पाणी आणि साबण, मग गरम पाणी आणि साबण, आणि दर वेळी पाणी किती मळलं ते बघा. पहिल्यात मळ जवळजवळ निघतच नाही. आणखी एक गोष्ट, ती वाचून मी दोरीकडे बघितलं. रुग्णाच्या खोलीत ओला टॉवेल वाळतो तेव्हा त्यातली ओल जाते कुठे? त्याच माणसाच्या हवेत. हे उघड आहे, पण कुणाच्या डोक्यात येत नाही, यावर ती चांगलीच चिडलेली आहे.

वन्संनी दुसऱ्या दिवशी दोरी सोडली. वापरलेला तुकडा लगेच वाहत्या पाण्याखाली झटकायचा, शीचे तुकडे वेगळ्या झाकणाच्या बादलीत, रोज गरम पाणी आणि थोडा साबण, मग साबण पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा खळबळायचं. ते औषध कापडात राहून कोवळ्या कातडीला झोंबतं, ते बंद. पावसात ओसरीच्या वाऱ्यात वाळवायचे, आणि पूर्ण सुकलेत याची खात्री करून मगच घडी. पुसताना साधं कोमट पाणी, मुलगी आहे म्हणून पुढून मागे, आणि मग कोरड्या तुकड्यानं घासायचं नाही, टिपायचं. शिवाय थोडा वेळ तिला उघडी राहू द्यायची. पावडर नको. लेकीच्या वाइप्सनाही त्यांनी नावं ठेवली नाहीत, एवढंच सांगितलं की वासाचे घेऊ नका. आणि लालीतून पाणी यायला लागलं, फोड आले किंवा ताप चढला तर फडक्यांचा वाद थांबवून डॉक्टरांकडे जा.

मला मात्र फ्लॉरेन्सची सगळ्यात लागलेली गोष्ट पुढची आहे. लोकांनी तिच्या नावानं जमवलेल्या पैशातून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात बाळंतिणींचा एक कक्ष निघाला होता. खेड्यापाड्यांतल्या सुइणींनी तिथे शिकावं म्हणून. सगळं तिच्या देखरेखीखाली, म्हणजे स्वच्छतेत कमी कुठे असणार? आणि तिथे बाळंतज्वरानं बायका मरायला लागल्या. १८६७ मध्ये कक्ष बंद करावा लागला. दुसरी कुणी असती तर नशिबाला दोष देऊन मोकळी झाली असती. हिनं ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ मध्ये पुस्तकच लिहिलं. निष्कर्ष असा, की तेव्हाच्या गर्दीच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरी बाळंत होणाऱ्या बायका कमी मरत होत्या. (आज तसं नाही हो, बाळंतपण दवाखान्यातच!) प्रेतं चिरण्याच्या खोलीतून उठून बाळंतिणीकडे येणारे विद्यार्थी, एकीला एक चिकटून खाटा, हे सगळं तिनं मांडलं. पुस्तक अर्पण केलं सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीला, कारण ती सुईण होती. किती गोड!

तिच्यातही हट्ट होते. रोग घाणेरड्या हवेतून होतो यावर तिचा विश्वास, जंतूंची गोष्ट तिनं फार वर्षं मानली नाही. तरी हात वारंवार धुवा हे तिनं १८५९ मध्येच परिचारिकांना लिहून ठेवलं होतं. कारण चुकलं, पण सांगितलेलं काम बरोबर निघालं. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. पण इथल्या खेड्यांतलं पाणी, गटारं यांची चिंता तिला म्हातारपणापर्यंत होती, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. लंडनच्या मोठ्या चर्चमध्ये दफन करायची तयारी सरकारनं दाखवली होती, पण घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे गावाकडेच मूठमाती दिली. थडग्यावर नावसुद्धा नाही, दोन अक्षरं आणि दोन तारखा.

त्या रात्री मी लेकीजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं, की तुकडे चांगले होते, धुणारीचं चुकलं. तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि सांगितलं की वाइप्स प्रवासाला ठेवते.

पुरळ चार-पाच दिवसांत गेलं. श्रावणात एक दिवस कडकडीत ऊन पडलं, तेव्हा सगळे तुकडे गच्चीवर वाळत घातले. संध्याकाळी लेकीनं मोजून घड्या केल्या, तर छत्तीसातले चौतीसच भरले. दोन वाऱ्यानं शेजारच्या पेरूवर नेऊन टाकले होते.