विश्लेषण : ‘सुब्रतो कप’ ज्यांच्या नावाने खेळला जातो, ते हवाई दलप्रमुख कोण?

शाळा सुरू झाल्या की जिल्ह्याजिल्ह्यांतून ‘सुब्रतो कप’ शालेय फुटबॉल स्पर्धेची लगबग सुरू होते. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावातल्या शाळेलाही जिल्हा पातळीवरून जिंकत जिंकत राष्ट्रीय फेरी गाठता येईल, अशी ही स्पर्धा. मुले ‘सुब्रतो खेळायला’ जातात. मात्र सुब्रतो हे एका माणसाचे नाव आहे आणि तो माणूस खेळाडू नव्हे, तर भारतीय हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख होता, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सुब्रतो मुखर्जी यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंधही होता.

पाच वैमानिक, चार विमाने

मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. वडील सतीशचंद्र आयसीएस अधिकारी, थोरली बहीण रेणुका रे पुढे स्वातंत्र्य चळवळीत आणि संसदेत गेल्या. सरकारी नोकरी, वकिली किंवा वैद्यकी अशा ठरलेल्या वाटा समोर असताना त्यांनी उडण्याची वाट धरली आणि इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पहिल्या भारतीय तुकडीत स्थान मिळवले.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे होती पाच भारतीय वैमानिक आणि चार ‘वापिटी’ विमाने. ही दुहेरी पंखांची, उघड्या कॉकपिटची विमाने तेव्हाही जुनीच समजली जात. त्या पाच जणांपैकी दोघे त्याच वर्षी अपघातात मरण पावले. दल एवढे लहान, की दोन माणसे जाणे म्हणजे जवळपास निम्मे बळ जाणे. भारतीयांना उडता येईल का, त्याहीपेक्षा त्यांना नेतृत्व जमेल का, याविषयी ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये उघड शंका होती.

मोज्यांतून टाकलेली काडतुसे

या शंकेला मुखर्जींनी वायव्य सरहद्दीवर उत्तर दिले. १६ मार्च १९३९ रोजी ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय.

पुढच्याच वर्षीचा एक प्रसंग हवाई दलात आजही सांगितला जातो. टोळीवाल्यांनी लष्कराची एक चौकी वेढली होती आणि आतल्या जवानांची काडतुसे संपत आली होती. मुखर्जींच्या विमानात रसद खाली टाकण्याची सोय नव्हती. मग विमानाच्या मशीनगनमधली काडतुसे काढून पायमोज्यांत भरण्यात आली आणि वरून होणाऱ्या गोळीबाराऐवजी चौकीत मोजे पडले. स्वतःची बंदूक रिकामी करून शत्रूवर घिरट्या घालणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

१९४३ मध्ये कोहाट तळाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हवाई तळाचे नेतृत्वही प्रथमच भारतीयाकडे आले होते. युद्ध संपेपर्यंत एका स्क्वाड्रनच्या नऊ झाल्या.

प्रमुखपद मिळायला सात वर्षे का लागली?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मुखर्जी सर्वांत अनुभवी भारतीय अधिकाऱ्यांपैकी एक होते. तरीही प्रमुखपद त्यांना लगेच मिळाले नाही. लष्कराला १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपाने भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलात मात्र एल्महर्स्ट, आयव्हेलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन ब्रिटिश प्रमुख एकामागून एक झाले आणि मुखर्जी उपप्रमुख राहिले.

यामागचे गणित वयाचे आणि अनुभवाचे होते. १९४७ मध्ये मुखर्जी अवघे ३६ वर्षांचे होते आणि संपूर्ण हवाई दलच जेमतेम १५ वर्षांचे. त्यातच फाळणीने विमाने, तळ आणि माणसे वाटली गेली. ही घडी बसायच्या आतच २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांतून श्रीनगरला जवान उतरवण्याची वेळ आली. (याच काश्मीर मोहिमेसाठी महावीर चक्र मिळालेले हृषीकेश मुळगावकर १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले.) उपप्रमुखपदाची ती वर्षे अपमानाची वाटू शकतात. प्रत्यक्षात मुख्यालय चालवण्याचे शिक्षण मुखर्जींना तिथेच मिळाले. नौदलाला तर भारतीय प्रमुखासाठी १९५८ पर्यंत थांबावे लागले.

१ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी सूत्रे घेतली. त्यांच्या काळात मिस्टियर, हंटर आणि नॅट ही लढाऊ जेट विमाने व कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने आली. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सेबर विमानांना पुरून उरलेले चिमुकले नॅट यांतलेच. ते पाहायला मुखर्जी नव्हते.

टोकियोतील शेवट

मोहन बागानचे चाहते असलेल्या मुखर्जींना देशभरातील शाळांची एक फुटबॉल स्पर्धा हवी होती. १९६० मध्ये ती सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, एअर इंडियाच्या टोकियोच्या पहिल्या विमानातून ते तिथे गेले असताना, मित्रासोबत जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि डॉक्टर येण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. वय ४९. अडकलेला घास पोटावर झटके देऊन बाहेर काढण्याची, आज प्रथमोपचारात शिकवली जाणारी पद्धत १९७४ मध्ये मांडली गेली.

रत्नागिरीच्या खासदार

मुखर्जींच्या पत्नी शारदा या माहेरच्या पंडित, राजकोटमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित हे त्यांचे काका. या घराण्याचे मूळ गाव कोकणातले बांबुळी. १९३९ मध्ये, म्हणजे सुब्रतोंना स्क्वाड्रन मिळाली त्याच वर्षी, दोघांचा विवाह झाला.

पतीच्या अकाली मृत्यूनंतर दोनच वर्षांत शारदा मुखर्जी काँग्रेसतर्फे रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या. १९६७ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा दिल्लीला पाठवले. पुढे त्या आंध्र प्रदेशच्या आणि १९७८ ते १९८३ या काळात गुजरातच्या राज्यपाल होत्या.